खोक्यावरची पंचवीस मिनिटं

रोह्याजवळच्या अष्टमी गावात सखाराम खरीवलेच्या घरी कुणी "पाच मिनिटांत येतो" म्हणून गेला आणि अर्ध्या तासाने उगवला, तर त्याला चहा मिळायचा, पण चहाआधी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं जायचं. शेजारीपाजारी हसायचे. बायको सरू लग्नाच्या पहिल्याच वर्षी समजून चुकली होती की या माणसाला भाजीत मीठ कमी पडलेलं चालतं, पण "घातलंय की पुरेसं" असं म्हटलेलं चालत नाही.

त्याचं आयुष्यच काट्यांमागे गेलं होतं. नदीपलीकडच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत त्याने चौतीस वर्षं गेज तपासली. पाइपातला दाब, टाकीतलं तापमान दाखवणारी ती गोल घड्याळं. काटा दाखवतो ते खरं आहे की नाही एवढं बघायचं, लॉगशीटवर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. तीन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला आणि सहीचं कामच उरलं नाही. खोट्या आकड्याचा राग मात्र होता तिथेच राहिला.

जानेवारीतल्या एका रविवारी त्याची पुतणी सुरभी काखोटीला खोकं मारून आली. सुरभी ही त्याच्या धाकट्या भावाची, शिवाची, मुलगी. शिवा कोलाडच्या अलीकडे गावी भात आणि वाल पिकवायचा. सुरभीने मात्र रोह्यात गाळा भाड्याने घेऊन फोटो स्टुडिओ टाकला होता. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, हळदी. हात चांगला होता तिचा. तरी गेल्या हंगामात तीन लग्नं एकाच प्रश्नावर हातची गेली होती: "तुमच्याकडं ड्रोन हाय का?"

"काका, घेतला मी," तिने खोकं टेबलावर ठेवलं. "पेणला निलेशच्या दुकानातून. त्याचा व्हिडिओ बघा आधी."

मोबाइलवर निलेश दिसला. काळा गॉगल, हातात ड्रोन, मागे खाडीचं पाणी. नवशिक्यांसाठी याच्याएवढा स्वस्त आणि मस्त कॅमेरा ड्रोन महाराष्ट्रात नाही, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता. पंचवीस मिनिटं हवेत राहतो. फोर-के कॅमेरा. एक बटण दाबलं की घरी परत येतो. अडीचशे ग्रॅमच्या आत वजन, म्हणजे परवान्याची कटकट नाही. "मी स्वतः महिनाभर वापरून बघितलाय, मित्रांनो!"

"व्हिडिओत तो उडताना कुठं दिसतो गो?" सखारामने विचारलं.

सुरभीने व्हिडिओ मागे-पुढे केला. ड्रोन निलेशच्या हातात होता, टेबलावर होता, खोक्यात होता. मधे मधे वरून काढलेली खाडीची झकास दृश्यं होती, पण ती याच ड्रोनने काढली असं कुठेच दिसत नव्हतं.

"म्हणून तर तुमच्याकडं आणलाय," सुरभी जरा ओशाळून म्हणाली. "पुढच्या महिन्यात माझ्याकडं एक हळद हाय. त्याआधी तुम्ही तपासून सांगा."

सखाराम उठला आणि स्वयंपाकघरातून सरूचा वजनकाटा घेऊन आला.

बॅटरी घालून, पंख्यांभोवतीची प्लास्टिकची कडी बसवून ड्रोन काट्यावर ठेवला. दोनशे एकाहत्तर ग्रॅम. त्याने काटा शून्य करून पुन्हा ठेवला. दोनशे एकाहत्तर. मग साखरेची पाव किलोची न फोडलेली पुडी ठेवून काटाच तपासला. काटा बरोबर होता.

"कडी काढली तर बसतंय," सुरभी म्हणाली.

"नवशिक्यानं कडी काढून उडवायचा? लग्नात, माणसांच्या डोक्यावर?" सखारामचा आवाज चढला. "परवाना नको म्हणून ज्यानं सांगितलं, त्यानं एकदा तरी वजन केलं असतं का नाय?"

सरू आतून म्हणाली, "अहो, पोरीवर कशाला ओरडताय?"

"पोरीवर नाय ओरडत!"

पण ओरडत होता, आणि ते त्यालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं गावी गेले. भात कापून झालेलं, शेतांत वाल हिरवागार उभा, फक्त खळ्याची जागा मोकळी. सखारामने खळ्यात चुन्याने एक वर्तुळ आखलं. खिशात जुनं स्टॉपवॉच, मोजायची फीत आणि कंपनीतल्या लॉगशीटसारखी रेघा मारलेली वही. शिवा बांधावर बसून बघत होता. त्याला वाटलं, भाऊ जमीन मोजायला आलाय.

पहिल्या बॅटरीवर ड्रोन आठ मिनिटं चाळीस सेकंद राहिला. दुसऱ्या बॅटरीवर सात मिनिटं पन्नास. तेही वारा पडलेला असताना, जागच्या जागी उभा ठेवून. मग दोन्ही बॅटऱ्या शिवाच्या पडवीत चार्जिंगला लावल्या आणि दीड तास बसून राहिले.

"दोन्ही मिळून सतरा पण होत नायत," सुरभी हळूच म्हणाली. "मला वाटलं, खोक्यावर दोन्हींची बेरीज लिहिली असंल."

"बेरीज केली तरी खोटंच."

मग कॅमेरा. सखारामने पुठ्ठ्यावर आकड्यांच्या सहा ओळी लिहून आणल्या होत्या, वरची मोठी, खालची बारीक, डोळ्यांच्या डॉक्टरकडे असतात तशा. पुठ्ठा खळ्यात ठेवला. सुरभी माडीवरच्या खिडकीत उभी राहिली आणि तिने आपल्या चार वर्षं जुन्या मोबाइलने फोटो काढला. त्याच उंचीवर, खिडकीशेजारी ड्रोन थांबवून त्याच्या कॅमेऱ्यानेही काढला. मोबाइलच्या फोटोत पाच ओळी वाचता आल्या. ड्रोनच्या फोटोत दोन, दुसरीतलाही आठ की तीन ते कळत नव्हतं. फाइल मात्र भली मोठी. सुरभीला त्यातली गोम लगेच समजली. छोटा फोटो ताणून मोठा केला होता, बस्स. फोर-के म्हणजे ते. ड्रोनमध्ये मेमरी कार्ड घालायला जागाच नव्हती. व्हिडिओ वायफायवरून मोबाइलमध्ये उतरायचा, आणि ड्रोन साठ पावलं लांब गेला की चित्र अडकत अडकत यायचं.

"नवरीच्या अंगाला हळद लागतीय आणि हात मधेच थांबलाय," सुरभी म्हणाली. तिला हसू येत होतं आणि रडूही.

दुपारी थोडा वारा सुटला. शेवटची तपासणी राहिली होती, घरी परत येण्याची. सुरभीने ड्रोन वर्तुळातून उडवला, पुढे नेला, जरा वळवला आणि ते बटण दाबलं. ड्रोन परत निघाला खरा, पण वर्तुळाकडे नाही. घर कुठे आहे ते त्याला ठाऊकच नव्हतं. तोंड होतं त्याच्या उलट दिशेला तो सरळ सुटला, वर्तुळाला बगल देऊन, शिवाच्या डोक्यावरून वालाच्या शेतात, आणि तिथून वाऱ्याबरोबर पुढे. सुरभी बटणं दाबत पळाली. शिवा "वाल तुडवू नको गो!" म्हणून ओरडत तिच्यामागे. शेवटी बांबूच्या बेटात खडखड झाली आणि सगळं शांत झालं.

ड्रोन सापडला. एक पंखा मोडला होता, सुटे पंखे खोक्यात होते, त्यातला एक बसवला. सुरभीच्या कोपराला मात्र बांबूने चांगलाच ओरखडा काढला होता. सखारामने वहीत लिहिलं: "घरी परत येत नाही. उलट दिशेला जातो." आणि त्याखाली इतक्या जोरात रेघ मारली की पेनाचं टोक पानात रुतलं.

शिवाला या रागाचं कारण ठाऊक होतं. सुरभीला नव्हतं, ते त्या दिवशी तिला कळलं.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. कंपनीत तपासणी यायची होती. सुपरवायझर तीस गेजांची यादी घेऊन आला आणि म्हणाला, वेळ नाही, सगळी तपासली म्हणून सही कर. सखाराम नाही म्हणाला. पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने सही केली. त्यातलं वाफेच्या लाइनवरचं एक गेज अडकलेलं होतं. आठवड्याभराने दामोदर नावाच्या फिटरने ते बघितलं, काटा शून्यावर होता, त्याने जोड उघडला. आत वाफ होती. दामोदरचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत लिहिलं गेलं, कामगाराची चूक.

"अकरा दिवस मी गप्प होतो," सखाराम पडवीत बसून म्हणाला. "बाराव्या दिवशी मॅनेजरसमोर जाऊन सांगितलं, माझी सही खोटी हाय. मला ताकीदपत्र मिळालं. सुपरवायझरला बढती मिळाली. दामूचा हात काय परत आला नाय."

 शिवाने घागरीतून तांब्या भरून आणला.

"काटा म्हणजे काय गो, दुसऱ्याच्या भरवशाची गोष्ट. तो बिचारा बघतो आणि हात घालतो." त्याने पाणीही घेतलं नाही. "हा पेणचा म्हणतो, महिनाभर स्वतः वापरला. चल, उद्या त्यालाच विचारू."

पेणला जाताना एसटीत सखारामने वहीतला प्रत्येक आकडा पुन्हा वाचून काढला. मांडीवर खोकं, खोक्यावर वही.

निलेशचं दुकान एसटी स्टँडपासून जवळच. मोबाइलची कव्हरं, इअरफोन, मध्ये काचेच्या कपाटात पाच-सहा ड्रोन. काउंटरवर एक तिशीतली बाई उभी होती आणि निलेश तिला तेच खोकं दाखवत होता. तेच शब्द: पंचवीस मिनिटं, फोर-के, घरी परत.

"शेट," सखाराम शांतपणे म्हणाला, "हा तुमच्याकडून घेतलेला. तपासला. जरा हे वाचा."

निलेशने वहीवर वरवर नजर फिरवली. "काका, टेन्शन नका घेऊ. हा बिगिनर्ससाठी हाय. ह्या किमतीत अजून काय पायजे तुम्हाला?"

"जास्त काय नको. खोक्यावर लिहिलंय तेवढंच पायजे."

"ते कंपनी लिहिते. आम्ही थोडीच लिहितो?"

"व्हिडिओ कंपनीनं केला? महिनाभर वापरला, ते कोण बोललं?"

निलेश हसला. "काका, व्हिडिओत असं बोलायला लागतं. सगळेच बोलतात. लोकांना पण ठाऊक असतं."

"मला नव्हतं ठाऊक," सुरभी म्हणाली. "मी तुमचं ऐकून घेतला. तुम्ही मराठीत बोलत होता, आपल्याकडचे, म्हणून."

 निलेशने सुरभीचा कोपर बघितला, सखारामची रेघा मारलेली वही बघितली आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना आली.

"काका, तुम्ही कुठं होता कामाला? इन्स्ट्रुमेंटला? मग आपण असं करू. ताईंना मी ह्याच्या वरचं मॉडेल देतो, जास्तीचे पैसे नकोत. तुम्ही फक्त एक सर्टिफिकेट द्या. 'निवृत्त इन्स्ट्रुमेंट तज्ज्ञ सखाराम खरीवले यांनी तपासलेला ड्रोन.' खाली तुमची सही. ती मी दुकानात लावतो. दोघांचं काम होतंय."

सुरभीने काकाकडे बघितलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापासून लाल होत गेला.

"सही?" तो म्हणाला. "माझी सही पायजे तुला?" शेट आणि तुम्ही दोन्ही गेलं होतं. "अरे, एकदा केली होती असली सही. एका माणसाच्या हाताची कातडी सोलून निघाली तिच्यापायी. तू मला पुन्हा तेच करायला सांगतोस, ते पण हसत? स्वस्त हाय म्हणून खोटं चालतं? ज्याच्याकडं भारी घ्यायला पैसे नायत, ज्याला त्यातलं काय कळत नाय, त्यालाच फसवायचं आणि वर त्यालाच सांगायचं, ह्या किमतीत काय पायजे? खरं बोलायला काय वेगळी किंमत लागते रे?"

रस्त्यावरचे दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. निलेशने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

"ती पाटी मोठ्या अक्षरांत बरी छापता येते," सखाराम म्हणाला.

काउंटरवरची बाई इतका वेळ ऐकत होती. तिचं नाव तनया, पेणमध्येच तिचा गणपतीचा कारखाना. परगावच्या गिऱ्हाइकांना मूर्तींच्या रांगा वरून दाखवायला तिला ड्रोन हवा होता. ती म्हणाली, "काका, मला बाहेर उडवायचाच नाही. आमच्याकडे पत्र्याचं छप्पर चांगलं उंच आहे. तुमचाच आणून दाखवाल का तिथे?"

सुरभीला वाटलं, बरं झालं, अजून एक पुरावा मिळेल.

कारखान्यात पांढऱ्याशुभ्र, अजून रंग न लागलेल्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या. तनयाने मधली वाट मोकळी केली आणि जवळच्या मूर्तींवर चादरी टाकल्या. सुरभीने जीव मुठीत धरून ड्रोन उडवला. आणि तो उभा राहिला. वारा नाही, ऊन नाही, वीस पावलांच्या आत. डुगडुगला नाही, अडकला नाही. रांगांवरून सावकाश गेला आणि सावकाश आला. व्हिडिओ काही फार सुंदर नव्हता, पण मोबाइलवर बघायला पुरेसा होता. आठ मिनिटं दहा सेकंद.

सखारामने स्टॉपवॉचवरचा आकडा पुन्हा बघितला. मग त्याने लिहिलं: "बंद जागेत, कमी अंतरावर, ठीक. हात बसायला चांगला."

सुरभीने ते वाचलं आणि तिचा संताप झाला. "काका! तुम्ही त्याची बाजू घेताय? आता हेच दाखवून तो म्हणंल, बघा, चांगला हाय!"

"म्हणू दे."

"माझा कोपर फाटला, लग्न जाईल हातचं, आणि तुम्ही लिहिताय ठीक?"

"गो, मशीन खोटं बोललं नाय. बिचारं जेवढं जमतं तेवढं करतंय. खोटं माणूस बोलला. मी आता रागानं उडवून लावलं, तर माझ्या वहीत आणि त्याच्या खोक्यात फरक काय राहिला?" हे बोलतानाही तो रागातच होता. किंबहुना ड्रोन चांगला उडाला याचाच त्याला जास्त राग आला होता. आठ मिनिटांचा, घरातल्या घरात शिकायचा ड्रोन म्हणून विकला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. वस्तू बरी होती, तरी खोटं बोलायची गरज पडली होती.

तनयाने संध्याकाळी दुकानातून तसाच नवा ड्रोन घेतला, पण बिलावर निलेशकडून लिहून घेऊनच: फक्त बंद जागेसाठी, आठ मिनिटं. निलेशने दात आवळून लिहून दिलं.

परतीच्या एसटीत सुरभी खिडकीकडे तोंड करून बसली. अष्टमीत उतरल्यावर म्हणाली, "ती वही द्या इकडं." तिने पानाचा फोटो काढला. डावीकडे "सांगितलेलं", उजवीकडे "मोजलेलं", खाली तारीख आणि सखाराम खरीवले अशी पूर्ण सही. बंद जागेची ओळही तशीच. रायगडच्या फोटोग्राफरांच्या ग्रुपवर तिने तो टाकला आणि ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली.

दोन दिवसांत तो फोटो कुठे कुठे फिरला. निलेशचा सुरभीला फोन आला. बदनामीचा दावा लावीन म्हणाला. सखारामने तिच्याकडून फोन घेतला. "लाव. त्याआधी स्टॉपवॉच घेऊन ये. माझ्या भावाच्या खळ्यात दोघं मिळून मोजू. माझा आकडा चुकला तर पेणच्या स्टँडवर उभा राहून माफी मागंन." पलीकडून फोन ठेवला गेला.

मोजायला कुणी आलं नाही. आले ते दुसरेच. माणगावचा एक फोटोग्राफर, नागोठण्याचे एक शाळामास्तर, एक निवृत्त पोस्टमन. प्रत्येकाच्या हातात तेच खोकं. सरूचा वजनकाटा आता कायमचा बाहेरच्या खोलीत आला. प्रत्येक वेळी सखाराम पहिल्यासारखाच संतापायचा, जणू पहिल्यांदाच कुणी फसलंय. सरू म्हणायची, "अहो, प्रेशरची गोळी घेतलीत का?"

तिसऱ्या आठवड्यात निलेशने सुरभीला बोलावून पैसे परत दिले आणि ग्रुपवरचा फोटो काढायला सांगितला. तिने नाही काढला. सखारामने तिला त्याखाली एक ओळ घालायला लावली: दुकानदाराने पैसे परत केले. "ते पण खरंच हाय ना," तो कुरकुरत म्हणाला. हळदीला तिने माणगावच्या त्या फोटोग्राफरला त्याच्या परवान्यासकट, त्याच्या मोठ्या ड्रोनसकट बोलावलं आणि काम वाटून घेतलं. स्वतःचा ड्रोन घ्यायचं तिने पुढच्या हंगामावर टाकलं. घेईन तेव्हा आठवडाभर काकांसमोर आपल्या खळ्यात उडवल्याशिवाय घेणार नाही, असं तिने ठरवलं.

मार्चमध्ये सरूने त्याला मोबाइल आणून दाखवला. निलेशचा जुना व्हिडिओ गेला होता, नवा आला होता. तोच गॉगल, तीच खाडी. "मित्रांनो, मी नेहमी खरं तेच सांगतो. हा ड्रोन घरात शिकायला बेस्ट, सात ते आठ मिनिटं आरामात उडतो."

"झालं की तुमच्या मनासारखं," सरू म्हणाली.

"मनासारखं? नेहमी खरं सांगतो म्हणे! आधीचं बघून ज्यांनी घेतले त्यांचं काय? चुकलो, असा एक शब्द तरी हाय का ह्यात?"

त्याने चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका व्हिडिओखाली लिहायला बसला. एका बोटाने, अर्धा तास. "आपण आधी पंचवीस मिनिटे सांगितली होती. त्याबद्दल माफी मागावी. सखाराम खरीवले, अष्टमी, रोहा."

संध्याकाळी बघितलं तर ती ओळ काढून टाकलेली होती. सरू म्हणाली, जाऊ द्या आता. त्याने खुर्ची उजेडाकडे ओढली आणि तीच ओळ पुन्हा पहिल्या अक्षरापासून लिहायला घेतली.